एक डॅनिश पाद्री, शेंगदाणे पिकवणारा त्याचा मुलगा आणि क्वीन्सलंडचं राजकारण

प्रश्न असा होता की ऑस्ट्रेलियात ब्येल्के-पीटरसन नावाचं मूळ डेन्मार्कचं कुटुंब होतं, त्याचं सार्वजनिक जीवनात एवढं नाव का, आणि बाहेरून आलेल्या घरातला माणूस सलग १९ वर्षं क्वीन्सलंड राज्याचा प्रीमियर कसा काय राहिला. प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच. मी इथे ब्रिस्बेनला मतदारसंघांच्या हद्दी, लोकसंख्येचे आकडे, नकाशे ह्याच कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे हे नाव आमच्या धंद्यात दर दुसऱ्या दिवशी निघतं, बहुतेक वेळा शिवी म्हणून. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. लोक हे नाव घेतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच माणूस असतो, सर जोह ब्येल्के-पीटरसन. पण घराणं त्याच्या आधीपासून इथे नावारूपाला आलं होतं, आणि तेही राजकारणात नाही तर चक्क व्यायामात. जोहचा काका हान्स क्रिस्टियन हा कोपनहेगनचा, घरातली मंडळी १८९१ मध्ये टास्मानियात होबार्टला येऊन राहिली आणि पुढच्याच वर्षी ह्याने तिथे शरीरसाधनेची संस्था काढली. आपल्याकडे त्याच काळात गावोगाव तालमी नि व्यायामशाळा निघत होत्या, साधारण तसंच समजा, फक्त इथे लाल मातीऐवजी स्कॅंडिनेव्हियन पद्धतीची कवायत, श्वासाचे व्यायाम, ताठ पाठ वगैरे. पुढे मेलबर्नला शाखा निघाली, शाळांमधून वर्ग सुरू झाले, आणि १९११ च्या आसपास ऑस्ट्रेलियाने पोरांना सक्तीचं कॅडेट ट्रेनिंग सुरू केलं तेव्हा त्यातल्या शारीरिक शिक्षणाची जबाबदारी ह्याच माणसाकडे आली. म्हणजे बघा, देशात येऊन वीस वर्षं झालेला डॅनिश माणूस अख्ख्या देशाच्या पोरांनी हातपाय कसे हलवायचे ते ठरवतोय. ती संस्था अजून चालू आहे, मुलींचे आणि बायकांचे वर्ग असतात, स्पर्धा असतात, लोक तिला थोडक्यात बीजेपी फिझी म्हणतात (हो, बीजेपी, हसू नका, मी पहिल्यांदा बोर्ड वाचला तेव्हा माझंही असंच झालेलं).

त्याची बहीण मारी, म्हणजे जोहची आत्या, आधी भावाच्याच संस्थेत बायकांना शिकवायची, नंतर कादंबऱ्या लिहायला लागली. टास्मानियाच्या रानातल्या, खाणींच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकथा. समीक्षकांनी फार किंमत दिली नाही पण वाचक तुफान होते, तिच्या एका कादंबरीवर १९२५ मध्ये मूकपटही निघाला. टास्मानियाचा पश्चिम किनारा तेव्हा बाहेरच्यांना फारसा माहीत नव्हता, तिथली जंगलं बऱ्याच वाचकांना हिच्या पुस्तकांतूनच दिसली.

आता मुख्य माणूस. जोहचे वडील कार्ल गेओर्ग हे लुथरन पाद्री, आईही डॅनिश. त्याचा जन्म १३ जानेवारी १९११ चा, न्यूझीलंडमधल्या डॅनेव्हर्कचा. हे गाव १८७२ मध्ये डॅनिश नि नॉर्वेजियन लोकांना जंगल तोडायला आणून वसवलेलं. म्हणजे पोरगं आपल्याच लोकांत जन्मलं. दोन वर्षांनी कुटुंब क्वीन्सलंडमध्ये किंगरॉयला आलं, शेत घेतलं, नाव ठेवलं बेथनी. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय कायमचा लंगडा राहिला. शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारासच सुटली. भुईमूग पिकवायचा (किंगरॉय अजूनही इथली शेंगदाण्याची राजधानी म्हणवते), पुढच्या जमिनीवर तर कित्येक वर्षं गुरांच्या जुन्या गोठ्यातच राहायचा. मग धंदा वाढवला, लोकांच्या जमिनी साफ करून द्यायची कंत्राटं घ्यायला लागला, दोन बुलडोझरच्या मधे जाडजूड साखळी बांधून झाडंच्या झाडं उपटायची पद्धत त्याने तिकडे रूढ केली. पर्यावरणवाले आजही ह्यावर दात ओठ खातात, पण त्या काळी शेतकऱ्याला ही जादूच वाटली असणार.

१९४६ मध्ये गावच्या कौन्सिलवर, १९४७ मध्ये राज्याच्या विधानसभेत, कंट्री पार्टी ह्या शेतकऱ्यांच्या पक्षाकडून. तिथून १९८७ पर्यंत सलग ४० वर्षं आमदार. पहिली दहा वर्षं विरोधी बाकावर कारण क्वीन्सलंडमध्ये तेव्हा लेबर पक्षाचं राज्य होतं, १९५७ मध्ये लेबर फुटला नि कंट्री-लिबरल युती आली. १९६३ मध्ये हा बांधकाम नि गृहनिर्माण मंत्री झाला. १९६८ मध्ये प्रीमियर पिझी अचानक वारले आणि उपनेता म्हणून हा त्या खुर्चीवर आला, ८ ऑगस्ट १९६८. तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं की हा टिकेल. पहिल्या दोनेक वर्षांत त्याच्याच पक्षातल्या लोकांनी त्याला काढायचा प्रयत्न केला आणि अगदी थोडक्यात वाचला.

आता माझा प्रांत आला, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सगळे म्हणतात की जोह मतदारसंघांच्या हद्दी फिरवून जिंकला. अर्धं खरं. क्वीन्सलंडमध्ये राज्याचे झोन पाडून गावाकडच्या मतदारसंघात कमी मतदार नि शहरात जास्त मतदार ठेवायची पद्धत मुळात लेबर सरकारनेच १९४९ मध्ये आणली, कारण तेव्हा खाणकामगार, रेल्वेवाले, मेंढ्या कातरणारे असे लेबरचे मतदार गावाकडेच होते. काळ बदलला, ते मतदार शहरांकडे सरकले, आणि तेच हत्यार आयतं दुसऱ्याच्या हातात पडलं. जोहच्या सरकारने १९७१ च्या सुमारास त्याला अजून धार लावली, झोन चार केले. निकाल बघा: १९७२ च्या निवडणुकीत लेबरला जवळपास ४७ टक्के मतं आणि ८२ पैकी ३३ जागा, लिबरलना २२ टक्के नि २१ जागा, आणि जोहच्या कंट्री पार्टीला साधारण २० टक्के मतं नि २६ जागा. तिसऱ्या नंबरची मतं मिळवणाऱ्या पक्षाचा नेता प्रीमियर! त्यात क्वीन्सलंडमध्ये वरचं सभागृहच नाही, १९२२ मध्ये लेबरनेच बरखास्त केलेलं. म्हणजे विधानसभा हातात आली की अडवणारं कोणी नाही. ही दोन्ही हत्यारं लेबरची, वापरली जोहने. हे मी इथल्या लेबरवाल्या मित्रांना ऐकवतो तेव्हा विषय बदलतात.

पण अर्धं खोटं का म्हणतोय, तर १९७४. त्या निवडणुकीत लेबर ८२ पैकी ११ जागांवर आला, लोक क्रिकेट टीम म्हणून हसायचे. एवढा सपाटा नुसत्या नकाशाने होत नाही, मतं खरोखरच फिरली होती. जोहने कॅनबेराच्या (म्हणजे देशाची राजधानी, केंद्र सरकार) विरोधात क्वीन्सलंड असा सामना लावला, कॅनबेरात तेव्हा व्हिटलम यांचं लेबर सरकार होतं, नि हा गावोगाव विमानाने फिरून सांगायचा की तिकडचे समाजवादी तुमची जमीन नि तुमचा कोळसा घ्यायला निघालेत. बोलणं तुटक, वाक्य कुठून कुठे जाईल पत्ता नाही, पत्रकारांनी अडचणीचं विचारलं की त्याची काळजी तुम्ही करू नका म्हणून वाटेला लावायचा, आणि पत्रकार परिषदेला तो कोंबड्यांना दाणे टाकणं म्हणायचा. शहरातल्या शिकलेल्या लोकांना हा गावंढळ वाटायचा नि तिथेच ते फसायचे. नंतर १९८३ मध्ये लिबरलशी युती तुटली, ह्याने दोन लिबरल आमदार फोडून एकट्याचं सरकार केलं, आणि १९८६ मध्ये ३९.६ टक्के मतांवर ८९ पैकी ४९ जागा घेतल्या, लेबरला त्याहून जास्त मतं पडूनसुद्धा ३० च. तेव्हा मात्र नकाशानेच तारलं, त्यात वाद नाही.

काम केलं का? केलं ना. कोळशाच्या खाणी, बंदरं, रेल्वेचं विद्युतीकरण, धरणं, रस्ते. १९७७ पासून वारसा कर रद्द केला, त्याचा परिणाम असा झाला की दक्षिणेकडचे म्हातारे पैसेवाले लोक क्वीन्सलंडच्या गोल्ड कोस्ट किनाऱ्यावर येऊन राहायला लागले आणि बाकीच्या राज्यांनाही काही वर्षांत तो कर काढावा लागला, केंद्रानेही १९७९ मध्ये काढला. ऑस्ट्रेलियात आज वारसा कर नाही त्याचं मूळ इथे आहे. १९८२ चे राष्ट्रकुल खेळ ब्रिस्बेनला झाले, एक्स्पो ८८ ह्या जागतिक प्रदर्शनाची तयारीही त्याच्याच काळातली. अधूनमधून भलतंच काहीतरी पण चालायचं, एकदा पाण्यावर चालणारी गाडी बनवतो म्हणणाऱ्या माणसाला त्याने डोक्यावर घेतलं होतं.

आणि किंमत? १९७१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ आला, निदर्शनं नकोत म्हणून राज्यात आणीबाणी लावली. १९७६ मध्ये एका पोलिसाने विद्यार्थिनीच्या डोक्यात काठी मारली, पोलीस कमिशनर व्हिटरॉड चौकशी करतो म्हणाले तर जोहने चौकशीच थांबवली, काही महिन्यांत व्हिटरॉड राजीनामा देऊन गेले आणि टेरी लुईस नावाचा आडगावचा इन्स्पेक्टर कित्येक सिनियर लोकांना ओलांडून कमिशनरच्या खुर्चीत आला. हे नाव लक्षात ठेवा. १९७७ मध्ये रस्त्यावरचे राजकीय मोर्चे बंद, एकाच दिवशी चारशेच्या वर लोक आत. १९७९ मध्ये ब्रिस्बेनचं जुनं बेलव्ह्यू हॉटेल मध्यरात्रीनंतर पोलीस बंदोबस्तात पाडलं, लोक रडत उभे होते. १९८५ मध्ये संपावरच्या हजारभर वीज कामगारांना नोकरीवरून काढलं. तो स्वतः दारूला न शिवणारा, रविवारी चर्चमध्ये शिकवणारा धार्मिक माणूस, आणि त्याच्याच पोलीस खात्याच्या आशीर्वादाने शहरात बेकायदा जुगाराचे अड्डे नि वेश्याव्यवसाय खुलेआम चालू. त्याला माहीत होतं की नाही ह्यावर अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर त्याने माहीत करून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि प्रीमियरच्या बाबतीत त्याला सुटका म्हणता येत नाही.

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारा भाग, जो बहुतेक लोक सांगत नाहीत. ह्या माणसाने जे केलं त्यापेक्षा त्याने पुन्हा तसं करू नये म्हणून इतरांनी जे नियम केले, तेच ह्या देशात जास्त टिकलं.

१९७५ चं घ्या. क्वीन्सलंडचे लेबरचे सिनेटर (सिनेट म्हणजे केंद्रातलं वरचं सभागृह) मिलिनर वारले. रिकामी जागा राज्याच्या विधानसभेने भरायची, आणि संकेत असा की मेलेल्या सिनेटरच्याच पक्षाने सुचवलेला माणूस घ्यायचा (आपल्याकडे राज्यसभेची पोटनिवडणूक होते, इथे नाही). जोहच्या सरकारने लेबरचा उमेदवार नाकारला आणि आल्बर्ट फील्ड नावाचा माणूस पाठवला, जो कागदावर लेबरचाच होता पण व्हिटलमला मत देणार नाही असं सांगत होता. त्याच्या निवडीला कोर्टात आव्हान मिळालं नि तो सभागृहाबाहेरच राहिला, पण लेबरचं एक मत तर गेलंच. त्या कमी झालेल्या आकड्यामुळे विरोधकांना सिनेटमध्ये बजेट अडवून धरता आलं आणि ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरलने, म्हणजे राणीच्या प्रतिनिधीने, व्हिटलम सरकार बरखास्त केलं. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा राजकीय भूकंप, नि त्यातली एक कडी किंगरॉयच्या शेंगदाणेवाल्याने सरकवली. १९७७ मध्ये देशभर सार्वमत घेऊन राज्यघटनाच बदलली, की सिनेटची रिकामी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची. इथे सार्वमत पास होणं किती दुर्मिळ आहे हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहे.

दुसरं, जमिनीचं. जॉन कुवार्ता हे केप यॉर्कच्या विक समाजातले आदिवासी. त्यांच्या लोकांसाठी आर्चर नदीकाठची एक चराईची लीज विकत घ्यायचा सौदा केंद्राच्या आदिवासी भूमी निधीतून झाला होता, विकणारा मालक तयार होता, पण आदिवासींकडे मोठाल्या जमिनी जाऊ द्यायच्या नाहीत हे क्वीन्सलंड सरकारचं धोरण, त्यामुळे १९७६ मध्ये परवानगी नाकारली. कुवार्ता कोर्टात गेले. वांशिक भेदभावाविरुद्धचा केंद्राचा कायदाच घटनाबाह्य आहे असं जोहच्या सरकारने म्हटलं आणि १९८२ मध्ये हायकोर्टात (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) ४ विरुद्ध ३ ने हरले. केसच्या नावातच प्रीमियरचं नाव आहे, कुवार्ता विरुद्ध ब्येल्के-पीटरसन, आणि लॉ कॉलेजच्या प्रत्येक पोराला ती वाचावी लागते. कुवार्तांना जमीन तरीही मिळाली नाही कारण सरकारने तिथे नॅशनल पार्क जाहीर करून टाकलेलं. ते १९९१ मध्ये गेले. पण पुढे काय झालं बघा. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या एडी माबो नि सोबत्यांनी जमिनीवर हक्क सांगितला, तर १९८५ मध्ये क्वीन्सलंड सरकारने थेट कायदाच केला की असले काही हक्क असतील तर ते जुन्या तारखेपासून संपले. तो कायदा १९८८ मध्ये हायकोर्टाने उडवला, कशाच्या जोरावर, तर त्याच वांशिक भेदभावविरोधी कायद्याच्या जोरावर, जो कुवार्ता केसमध्ये टिकला होता. तो उडाला म्हणून माबोंची मूळ केस पुढे चालू शकली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य झाला. जोहच्या सरकारने एवढा हट्ट केला नसता तर हे दोन्ही प्रश्न हायकोर्टापर्यंत त्या वेळी पोचलेच नसते.

१९८४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, तीही संसदीय लोकशाहीच्या सेवेबद्दल, आणि अर्ध्या राज्याची हसून पुरेवाट झाली. १९८७ मध्ये ह्याच्या डोक्यात पंतप्रधान व्हायचं घुसलं. गोल्ड कोस्टचे बिल्डर पैसे घेऊन मागे उभे. त्याने केंद्रातली लिबरल-नॅशनल युती फोडली (कंट्री पार्टीचं नाव तोवर नॅशनल पार्टी झालं होतं), पंतप्रधान हॉक यांनी संधी साधून निवडणूक लावली, तेव्हा हा अमेरिकेत होता, उमेदवारी अर्जसुद्धा भरला नाही आणि हॉक आरामात जिंकले. त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या एका पेपरने आणि पाठोपाठ मे महिन्यात एबीसी ह्या सरकारी टीव्हीच्या एका कार्यक्रमाने पोलिसांचा भ्रष्टाचार नावानिशी बाहेर काढला. जोह राज्याबाहेर असताना उपप्रीमियर बिल गन यांनी चौकशी लावली, टोनी फिट्झजेराल्ड हे बॅरिस्टर नेमले. सगळ्यांना वाटलं सहा आठवड्यांत गुंडाळतील. ती दोन वर्षं चालली. कमिशनर लुईस साहेबांना १४ वर्षांची शिक्षा झाली, त्यांची सर ही पदवी काढून घेतली, काही माजी मंत्री तुरुंगात गेले. चौकशीत खुद्द जोहला विचारलं की सत्तेचं विभाजन, म्हणजे सरकार, विधिमंडळ, न्यायालय वेगळं ठेवणं, म्हणजे काय, तर त्याला धड सांगता आलं नाही. १९ वर्षं राज्य केलेला माणूस!

त्याचं जाणंही नाट्यमय. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याने आपल्याच काही मंत्र्यांना काढायला घेतलं, पक्षाने मिटिंग बोलावून माइक आहर्न यांना नेता निवडलं, आणि हा काही दिवस ऑफिस सोडेचना, एका राज्यात पक्षाचा नेता एक आणि प्रीमियर दुसरा. गव्हर्नरने डोकं शांत ठेवलं. शेवटी १ डिसेंबरला राजीनामा दिला. नंतर चौकशीत खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला, १९९१ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही, त्यातला एक सदस्य नॅशनल पार्टीच्या युवा शाखेचा निघाला, आणि आरोपीचं वय बघून खटला पुन्हा चालवला नाही. २३ एप्रिल २००५ ला ९४ व्या वर्षी गेला, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

बायको राहिली की. फ्लोरेन्स, सगळ्यांची लेडी फ्लो. रस्ते खात्यात सेक्रेटरी होती, १९५२ मध्ये लग्न, चार मुलं, आणि १९८१ ते १९९३ सिनेटर. लोकांना तिचे लाल भोपळ्याचे स्कोन (छोटे भाजलेले गोडसर पाव) आठवतात, जे ती खरंच बनवायची आणि रेसिपी वाटायची, पण ती काही नुसती भोपळेवाली नव्हती, सिनेटमध्ये पक्षाची उपनेतीही होती. नवऱ्याच्या जाहीर प्रतिमेला घरगुती ऊब हिच्यामुळे आली, हे कुठल्याही पीआर कंपनीला जमलं नसतं. २०१७ मध्ये ९७ व्या वर्षी गेली.

आता स्थलांतरित असण्याबद्दल, कारण विचारणाऱ्याचा खरा रोख तिथे आहे असं मला वाटतं. ह्या घराण्याच्या मूळ देशाचा कधी मुद्दाच झाला नाही. गोरे, प्रोटेस्टंट, शेती करणारे, इंग्रजी बोलणारे, आडनाव तेवढं अवघड. व्हिएतनामी किंवा भारतीय माणसाला १९६८ च्या क्वीन्सलंडमध्ये हे दार उघडलं असतं का, तर नाही, तेव्हा गोऱ्यांनाच प्राधान्य देणारं इमिग्रेशन धोरण पूर्ण गेलेलंसुद्धा नव्हतं. आणि स्वतः बाहेरून आलेल्या घरातल्या ह्या माणसाने जमीन कोणाची ह्या प्रश्नावर सगळ्यात कठोर भूमिका कोणाविरुद्ध घेतली, तर जे इथे सगळ्यांच्या आधीपासून होते त्यांच्याविरुद्ध. त्याच्या लेखी जमीन जो साफ करतो त्याची, आणि ते त्याने बापाच्या शेतात नि बुलडोझरवर बसून शिकलेलं होतं.

आजची स्थिती विचाराल तर फिट्झजेराल्ड अहवालानंतर १९८९ मध्ये लेबरचे वेन गॉस आले, भ्रष्टाचारविरोधी कायमस्वरूपी यंत्रणा आली, आणि १९९२ च्या निवडणुकीआधी नव्या कायद्याने झोन गेले, सगळीकडे मतदारसंख्या जवळपास सारखी. एक सवलत तेवढी ठेवली: मतदारसंघ १ लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याच्या क्षेत्रफळाच्या २ टक्के एवढे काल्पनिक मतदार हिशोबात धरायचे, म्हणजे तिथे खरे मतदार कमी असले तरी चालतात. पश्चिमेकडच्या त्या अवाढव्य जागांचं गणित करताना हे भुताचे मतदार आम्हाला रोज भेटतात. बाकी मर्गन गावाजवळ ब्येल्के-पीटरसन धरण आहे, बेथनीचं शेत बघायला लोक जायचे. जोहचा मुलगा त्याच भागातून उभा राहून बघितला पण निवडून आला नाही. किंगरॉय ज्या नानँगो मतदारसंघात येतं तिथे २०१२ पासून डेब फ्रेकलिंग्टन आहेत, जुन्या नॅशनल नि लिबरलांच्या विलीनीकरणातून झालेल्या एलएनपीच्या, आणि लेबरने तिथे फारशी आशा ठेवलेली नाही.